दफनभूमीखालची रिकामी जागा

आयुष्यात मी एकाच पत्राला उत्तर दिलं नाही. एरवी मी पत्रांच्या बाबतीत काटेकोर आहे. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही, म्हणून जे सांगायचं ते मी आयुष्यभर कागदावर सांगत आलो. बियाण्यांच्या कंपनीचं छापील पत्रक आलं तरी मी दोन ओळी लिहून कळवतो, की मी शेतकरी नाही, एकतीस वर्षं कौंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, फिरती लायब्ररी चालवली, आता निवृत्त आहे, कृपया कॅटलॉग पाठवू नये. मागच्या ऑक्टोबरात आलेलं ते पत्र मात्र मी पाच महिने टेबलाच्या खणात ठेवलं.

पत्रावर माझं नाव नव्हतं. 'सचिव, क्लेप्पे दफनभूमी मंडळ' असं होतं. सचिव मीच. मंडळ म्हणजे तीन माणसं: अध्यक्ष डेलमार ह्यूसो, खजिनदार आर्डिस ब्रेखुस आणि मी, ऑर्लिन स्टावेदाल. उन्हाळ्यात गवत कापून घ्यायचं आणि कुणी गेलं की नकाशा पाहून खड्डा कुठे खणायचा ते सांगायचं, एवढंच आमचं काम. चर्च बंद पडून पंचवीस वर्षं झाली. इमारत पाडली, घंटा शहरातल्या चर्चला दिली. राहिली ती थडगी आणि त्यांच्याभोवतीची एकशेसाठ एकर कुरणाची जमीन. आमच्याकडे जमीन अशाच एकशेसाठ एकरांच्या चौकोनांत मोजतात.

पत्र कार्बन गाडणाऱ्या कंपनीचं होतं. इथेनॉलच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून जाणारा कार्बन वायू पकडायचा, दाबून पातळ करायचा, नळातून आमच्याकडे आणायचा आणि सहा हजार फूट खाली वाळूच्या खडकात सोडून द्यायचा, असा त्यांचा बेत. त्या खडकात बारीक बारीक पोकळ्या असतात, वायू त्यांत राहतो म्हणे. आमच्या राज्याच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वरच्या जमिनीचा जो मालक, तोच खालच्या पोकळीचा मालक. म्हणून कंपनीला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. त्यांनी नकाशावर ऐंशी चौकोनांभोवती रेघ ओढली होती आणि आमची दफनभूमी त्या रेघेच्या आत होती.

पत्रात लिहिलं होतं, की कंपनीच्या माहितीप्रमाणे ही जमीन चर्चची, चर्च बंद झाल्यामुळे आता ती बिशपच्या कार्यालयाची असावी. तसं नसेल तर तीस दिवसांत कळवावं. उत्तर न आल्यास ही माहिती बरोबर आहे असं धरलं जाईल.

माहिती बरोबर नव्हती, आणि ते बहुधा जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी नॉर्वेहून इथे अमेरिकेत आलेल्या लोकांत दोन चर्चं होती, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. देव माणसाला आधीच निवडून ठेवतो की माणूस विश्वासाने निवडला जातो, यावरून भावाभावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. हाल्व्होर क्लेप्पे नावाच्या म्हाताऱ्याला या भांडणाचा इतका उबग आला, की १९११ साली त्याने आपला चौकोन दान करताना दोन्ही चर्चांना वगळलं आणि दफनभूमी मंडळाच्या नावे बक्षीसपत्र केलं. मेलेली माणसं वाद घालत नाहीत, असं त्याने त्यातच लिहून ठेवलंय. पुढे १९५७ मध्ये दोन्ही चर्चं एक झाली, तेव्हा कुणा कारकुनाने ही जमीन चर्चच्या मालमत्तेच्या यादीत घातली. कुणी हरकत घेतली नाही. मंडळाची जुनी नॉर्वेजियन कार्यवृत्तं वाचू शकणारा आता मी एकटाच उरलोय, आणि बक्षीसपत्राची नक्कल त्या वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवलेली आहे.

मग मी उत्तर का दिलं नाही? त्या वेळी मी स्वतःला दोन कारणं दिली.

पहिलं असं, की मला खात्री नव्हती. वहीतली नक्कल खरी असेल, पण कोर्टाच्या इमारतीत तिची नोंद झाली होती का? नंतर कुणी ती रद्द केली नसेल कशावरून? मी राज्याचा कायदा लायब्ररीतून आणून पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत दोनदा वाचला. वाचून चीड आली आणि खात्री आणखी कमी झाली. एका कलमात पोकळी जमीनमालकाची आहे असं म्हटलंय. पुढच्या कलमात म्हटलंय, की साठ टक्के क्षेत्राच्या मालकांनी संमती दिली तर उरलेल्या चाळीस टक्क्यांची पोकळी राज्याचा आयोग आपल्या हुकमाने योजनेत घालू शकतो, 'न्याय्य मोबदला' देऊन. म्हणजे एका हाताने द्यायचं आणि पान उलटलं की काढून घ्यायचं. त्याच्याही पुढे लिहिलंय, की वायू सोडणं थांबल्यावर दहा वर्षांनी कंपनीला दाखला मिळतो आणि खाली जे काही कोंडलंय ते सगळं, जबाबदारीसकट, राज्याच्या गळ्यात पडतं. वायू हजार वर्षं खाली राहावा अशी अपेक्षा आहे. कंपनीने दहा वर्षं राहायचं. मी शाळेत गणितात साधारणच होतो, पण हे गणित मलाही समजलं.

दुसरं कारण आमच्या सगळ्यांचं होतं. आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. आवडत नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं की 'बघू' म्हणायचं आणि गप्प राहायचं. साधी कॉफी विचारली तरी पहिल्यांदा नको म्हणतात, दुसऱ्यांदा कशाला त्रास म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर अर्धा कप चालेल म्हणतात. दोनदा विचारलं म्हणजे अजून नीट विचारलेलंच नसतं. खरा होकार आणि खरा नकार, दोन्ही तिसऱ्या खेपेला येतात. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटेल, पण या रीतीने इथे शंभर वर्षं जमिनी विकल्या गेल्यात, लग्नं ठरलीत आणि मोडलीत.

कंपनीचा माणूस उन्हाळ्यात आला होता. कोल्टन रीव्ह्ज, चाळिशीतला, ओक्लाहोमाचा, बोलायला गोड. धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात रोज सकाळी फासे टाकून कॉफीचे पैसे कोण देणार ते ठरतं. तिथे तो डोनटचा खोका घेऊन आला आणि म्हणाला की काका, ती जागा रिकामी आहे, तुम्ही कुणी ती वापरत नाही, नुसती पडून आहे. सगळे डोनट खात राहिले. मग डेलमार म्हणाला, "माझा पोटमाळाही रिकामाच आहे. म्हणून मी तिथे तुला झोपू देईन असं नाही." कोल्टन सगळ्यांत आधी हसला. त्यानंतर तो घरोघर गेला, प्रत्येक ठिकाणी कॉफी प्याला आणि प्रत्येकाकडून 'बघू' ऐकून परतला. ही झाली पहिली खेप. ऑक्टोबरात सगळ्यांना पत्रं आली, ती दुसरी खेप.

माझं पत्र मी कोठाराच्या ऑफिसात दाखवलं. उत्तर देणार नाही असं मी म्हटलं नाही, फक्त घडी घालून खिशात ठेवलं. डेलमारने माझ्या पाठीवर थाप मारली. आर्डिस त्या दिवशी खाद्याची पोती न्यायला आली होती, तीही म्हणाली की बरं केलंस, असल्यांना असंच उत्तर द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी धीट समजलं. ते मला आवडलं, हे इथे लिहून टाकलेलं बरं.

आर्डिस ब्रेखुस माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्र्याऐंशीची. तिचा नवरा पामर याच दफनभूमीत तिसऱ्या रांगेत आहे. मुलं दूर गेली, त्यांना जमीन नको. पण नात ब्रिटा, शहरात नर्स असलेली, नवऱ्याला आणि दोन मुलींना घेऊन परत यायला तयार होती, मेंढ्या पाळायला. आर्डिसच्या जगण्यात त्या वर्षी हाच एक आनंद होता. मग ब्रिटाने त्या कार्बनच्या योजनेबद्दल वाचलं आणि फोनवर आजीला सांगितलं, की ज्या जमिनीखाली काहीतरी कोंडून ठेवलंय आणि दहा वर्षांनी त्याला कोण जबाबदार हे कुणीच धड सांगत नाही, ती जमीन मी मुलींच्या नावावर कशी घेऊ? योजनेबाहेर राहिली तर येते. आर्डिसने तिला सांगितलं, काळजी करू नकोस, मी सही केलेलीच नाही.

आम्ही सगळे तिसऱ्या खेपेची वाट बघत बसलो. कोल्टन पुन्हा येईल, टोपी काढून बसेल, तिसऱ्यांदा विचारेल, मग शांतपणे नाही म्हणून सांगायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जानेवारीत आलं ते विचारणं नव्हतंच. आयोगापुढच्या सुनावणीची नोटीस होती. आर्डिसला आली, तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना आली. मंडळाला आली नाही.

फेब्रुवारीत डेलमारच्या व्हॅनमधून आम्ही सात जण राजधानीला गेलो. एकशेचाळीस मैल. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात वहीचं पहिलं पान होतं, अलगद सोडवून घेतलेलं. ते का बरोबर घेतलं होतं ते मलाच सांगता आलं नसतं.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. समोर सुनावणी अधिकारी बाई, चष्मा लावलेल्या, सभ्य. कंपनीचा वकील उठला आणि त्याने पडद्यावर एक तक्ता दाखवला. तीन रकाने. पहिला 'संमती', दुसरा 'प्रतिसाद नाही', तिसरा 'आक्षेप'. तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. कायद्याने सांगितलेला प्रामाणिक प्रयत्न आम्ही केला, तो म्हणाला: प्रत्येक मालकाची एक भेट, प्रत्येकाला एक पत्र, आणि एकाही मालकाचा आक्षेप नाही. मग त्याने नावं वाचली. संमतीच्या रकान्यात 'ह्यूसो, डेलमार, दोन चौकोन' असं नाव आलं. कुणी डेलमारकडे पाहिलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत होता. त्यानंतर काही नावांनी 'क्लेप्पे दफनभूमीचा चौकोन, बिशपच्या कार्यालयाची सही' असंही आलं. एकूण अठ्ठेचाळीस चौकोन आणि वर अकरा एकर, वकील म्हणाला. साठ टक्के म्हणजे अठ्ठेचाळीस.

मी बसल्या जागी मनातल्या मनात वजाबाकी केली. आमचा चौकोन काढला तर त्यांचे साठ टक्के होत नव्हते. एकशेएकोणपन्नास एकर कमी पडत होते. मी उठून तेवढं बोललो असतो तर सगळं तिथेच थांबलं असतं.

कुणाला काही म्हणायचं आहे का, असं बाईंनी विचारलं. माझा हात कोटाच्या आत होता, बोटाला कागद लागत होता. मला वाटलं, नोंद झालेली नसेल तर? मी म्हातारा, फिरत्या लायब्ररीचा ड्रायव्हर, समोर वकील. त्याने एक प्रश्न विचारला की माझं ततपप होणार. मी उठलो नाही. आर्डिस उठली.

ती मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "बाई, माझ्या घरी तुमचा हा माणूस आला. त्याला मी कॉफी दिली आणि 'बघू' म्हटलं. मग पत्र आलं, ते मी तसंच ठेवलं. आमच्याकडे याला नाही म्हणतात. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळतं. यालाही कळलं होतं. दारातून बाहेर पडताना मला म्हणाला, आजी, तुमचं बघू मला समजलं." मग ती कोल्टनकडे वळली. "कोल्टन, समजलं होतं की नाही तुला?"

कोल्टनने तोंड उघडलं. वकिलाने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाला, की साक्षीदाराला शपथ दिलेली नाही. कोल्टनने तोंड मिटलं.

"बरं," आर्डिस म्हणाली. "मग याच्या नावापुढेही लिहा, प्रतिसाद नाही."

मागच्या बाकांवर हसू पसरलं. बाईही क्षणभर हसल्या असाव्यात. पण त्यांनी सांगितलं की लेखी आक्षेपाची मुदत जानेवारीत संपली. बोलणं टिपून घेतलं आहे, तक्त्यात मात्र ते घालता येणार नाही. त्यांचा आवाज खरोखर दिलगिरीचा होता. त्या दिलगिरीचा मला जास्त राग आला.

परतीच्या एकशेचाळीस मैलांत डेलमार एकदाच बोलला. म्हणाला की मुलाने नवा ट्रॅक्टर घेतलाय, हप्ते आहेत. पुढे एका पेट्रोलपंपावर तो सगळ्यांसाठी सँडविचं घेऊन आला, आर्डिसने तिचं न उघडता मांडीवर ठेवलं.

आयोगाचा मार्चच्या अकरा तारखेचा आदेश चौदा तारखेला आला, सगळ्यांची पोकळी योजनेत घेतली होती. आठ पानं. चौथ्या पानावर छापलं होतं: 'अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केले. कोणत्याही मालकाने लेखी आक्षेप नोंदवलेला नाही.' ते वाक्य मी कितीदा वाचलं कुणास ठाऊक. बावीस घरांनी महिनोन्‌महिने नाही म्हटलं होतं, आपापल्या रीतीने, आणि कुणीतरी शांतपणे त्या जागी 'नाही'चाच अभाव लिहून ठेवला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, की ज्या मालकाला नोटीसच मिळाली नाही त्याला पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येईल. म्हणजे सव्वीस तारखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आर्डिसकडे गेलो. स्वयंपाकघरात बसून बक्षीसपत्र वाचून दाखवलं, तोंडी भाषांतर करत. वजाबाकी सांगितली. ती ऐकत राहिली. चुलीवर कॉफीची किटली होती. तिने मला कॉफीचं एकदाही विचारलं नाही, आणि आमच्याकडे यापेक्षा कठोर वागणूक नाही.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"पत्र आलं तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून."

"आणि तू त्या खोलीत बसला होतास."

"हो."

"कागद खिशात घेऊन."

"हो. मला वाटलं, नोंद झाली नसेल. माझं चुकत असेल. मी काही वकील..."

"ब्रिटाने परवा नोकरीचा करार पुन्हा वाढवून घेतला," ती म्हणाली. "एक वर्षाचा. मी तिला काही बोलले नाही."

मी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, की आपण सगळेच गप्प बसलो होतो, ही आपली रीतच आहे. तिने मला मध्येच थांबवलं. ती कधी कुणाला मध्ये थांबवत नाही.

"ऑर्लिन, माझं गप्प बसणं आणि तुझं गप्प बसणं एकाच रकान्यात घालू नकोस. मी नाही म्हणत होते. तू घाबरला होतास."

मी वही उचलली आणि थेट गाडी काढून कौंटीच्या दस्तनोंदणी कार्यालयात गेलो.

तिथली जोलीन व्हेटर लहानपणी माझ्या लायब्ररीच्या गाडीत घोड्यांची पुस्तकं शोधत यायची. आता ती तिथली मुख्य आहे. मी १९११ म्हटल्यावर तिने नाक मुरडलं. ती बुकं संगणकावर चढवलेली नाहीत, म्हणाली, कंपनीचे लोक आले होते, त्यांनी १९५७ पर्यंत मागे जाऊन बघितलं आणि दुपारी जेवायला निघून गेले. आम्ही दोघं तळघरात गेलो. चौदाव्या बुकाच्या दोनशेबाराव्या पानावर ते होतं, सुंदर वळणाच्या अक्षरात, नोंदणीच्या तारखेसह. पुढे रद्द केल्याची कुठे खूण नव्हती. जोलीनने शिक्क्यासह नक्कल करून दिली. शोधायला वीस मिनिटं लागली. ज्या शंकेपायी मी पाच महिने गप्प बसलो ती वीस मिनिटांत मिटली, हे लिहितानाही लाज वाटते.

मग उत्तर लिहायला बसलो, तेच फेरविचाराच्या अर्जालाही जोडायचं होतं. बक्षीसपत्राचा भाग सोपा होता, बुकाचा क्रमांक, पान, तारीख. कायद्याची कलमंही मला आता पाठ होती. अडलं ते एका परिच्छेदावर. कंपनीचा वकील म्हणणार हे उघड होतं, की आम्ही सचिवाला विचारलं होतं, तो गप्प बसला, म्हणून आम्ही बिशपच्या कार्यालयाकडे गेलो. त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मी होतो. पत्र मिळालंच नाही असं लिहिणं शक्य होतं. टपाल इकडे हरवतं कधीकधी. ते वाक्य मी लिहिलं, वाचलं, आणि खोडलं. मग आमच्या रीतीबद्दल अडीच पानं लिहिली, तिसऱ्या खेपेपासून सगळं. तीही फाडली, कारण आर्डिस म्हणाली होती ते खरं होतं. बावीस घरांच्या नकाराआड मला लपता येत नव्हतं. सात दिवस गेले. शेवटी उरलं ते असं:

'आपल्या १४ ऑक्टोबरच्या पत्राला हे उत्तर आहे. पत्र मला वेळेवर मिळालं. उत्तर दिलं नाही याचा दोष माझा एकट्याचा आहे, मंडळाचा नाही. मंडळाने तो विषय कधी सभेपुढे घेतला नाही, कोणताही ठराव केला नाही, आणि एका भित्र्या सचिवाच्या गप्प बसण्याने एकशेसाठ एकर दुसऱ्याचे होत नाहीत. ही जमीन १९११ पासून मंडळाची आहे. तिच्याखालची पोकळीही मंडळाची आहे. ती रिकामी असेल. ती तुमची नाही. आम्ही संमती देत नाही. दफनभूमीचा चौकोन वजा केल्यास आपल्याकडे साठ टक्के क्षेत्र उरत नाही, म्हणून ११ मार्चचा आदेश टिकू शकत नाही, आणि त्या आदेशाच्या जोरावर ज्यांची पोकळी घेतली आहे त्या सर्वांची ती परत करावी.'

मी ते आर्डिसला वाचून दाखवलं. 'भित्र्या' शब्दापाशी ती मान वर न करता म्हणाली की राहू दे तो शब्द.

अध्यक्षाची सही हवी होती. डेलमार गोठ्यात होता. मी कागद पुढे केला आणि माझं नेहमीचं अडखळणं सुरू झालं, की तुझी अडचण समजते, तू स्वतः संमती दिली आहेस, हे कदाचित तुला... त्याने हात पुसले, दोन्ही पानं सावकाश वाचली.

"वरची जमीन माझी, खालची त्यांची, असं करता येतं ना या कायद्यात?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, करता येतं.

"मग मलाही दोन करा. खालच्या डेलमारने सही विकली. हा वरचा अजून मोकळा आहे." त्याने मोठ्या अक्षरात सही केली, पेन परत दिलं, आणि मी वळल्यावर मागून म्हणाला, "आर्डिसला सांग. नको, राहू दे. मी जातो तिच्याकडे."

चोवीस तारखेला आर्डिसला बरोबर घेऊन मी गावातल्या पोस्टात गेलो. दोन लिफाफे होते, एक आयोगाच्या नावे, एक कंपनीच्या. अर्जावर पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरतात, हे मी तीनदा खात्री करून घेतलं होतं. खिडकीपाशी गेल्यावर मला पुन्हा वाटू लागलं की दुसऱ्या पानावर कलमाचा आकडा चुकला असेल. मी लिफाफा उघडून पाहू का, असं आर्डिसला विचारलं. ती म्हणाली, तो आत्ता तुझ्या हातात आहे म्हणून तुला असं वाटतंय, त्या बाईकडे दे.

मी दिला. पोस्टातल्या बाईने दोन्ही लिफाफे तोलले, पोचपावतीची हिरवी कार्डं चिकटवली, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकले.

गाडीत बसल्यावर आर्डिसने फोन काढला आणि ब्रिटाला लावला. मी इंजिन सुरू केलं नाही, तिला नीट ऐकू यावं म्हणून.